सहावा कागद

बाईंकडे उपचाराला असलेलं एखादं माणूस त्यांना रस्त्यात समोरून भेटलं असतं, तर बाईंनी त्याला ओळखलं नसतं. पण त्याच माणसाने लिफ्टचं बटण दाबायला हात पुढे केला असता, तर त्याच्या झोपेच्या तक्रारीपासून सासूशी धरलेल्या अबोल्यापर्यंत सगळं बाईंना धडाधडा आठवलं असतं. त्यांचं कामच तसं होतं.

काम म्हणजे आर्ट थेरपी. चित्रकला शिकवायची नाही, हे त्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगत, आणि तरीही प्रत्येकजण "मला चित्रबित्र येत नाही हो" म्हणूनच सुरुवात करी. ज्याला मनातलं बोलता येत नाही त्याने ते कागदावर काढायचं, वेडंवाकडं चालेल, आणि मग त्या कागदाकडे बघत दोघांनी बोलायचं. मध्ये कागद असला की माणूस खरं बोलतो, हा बाईंचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता. पूर्वी त्यासाठी त्यांची वेगळी खोली होती. तिथे दोन लांब टेबलं, एक बेसिन आणि किल्लीचं एक लोखंडी कपाट होतं. पुढे काम स्क्रीनवर आलं, खोली सुटली, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीच्या खोलीत बाई लॅपटॉपपुढे बसू लागल्या.

स्क्रीनसाठी त्यांनी तीन नियम केले होते आणि त्या नियमांचा त्यांना भारी अभिमान होता. पहिला असा की मोबाईल स्टँडवर आडवा लावून कॅमेरा खाली कागदाकडे करायचा. चेहरा नको. स्वतःचं तोंड स्क्रीनवर दिसलं की माणूस रडायचं सोडून केस सारखे करत बसतं. दुसरा, कानात इयरफोन घालायचे, म्हणजे बाईंचं बोलणं घरातल्यांच्या कानावर जात नाही. आणि तिसरा, कुठलंही चित्र फाडायचं नाही. तारीख घालून फाइलीत ठेवायचं, आणि दहाव्या तासाला सगळे कागद शेजारी शेजारी मांडून बघायचं, आपण कुठून निघालो आणि कुठवर आलो.

"म्हणजे तू नुसती हातांची डॉक्टर," बाईंचे यजमान म्हणत. "आज कोणाचे हात?" बाईंनी दारावर 'आत तास चालू आहे, मिक्सर लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली होती. यजमान ती रोज वाचत, आणि नेमका तेव्हाच मिक्सर लावत.

मंगळवारी अकराचे हात छोटीचे असत.

छोटी सेहेचाळीस वर्षांची होती. फॉर्मवर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं. पण थोरल्या भावाच्या पाठची म्हणून वडील तिला छोटी म्हणत, आणि तिला हाक मारायला घरात आता वडीलच उरले होते. तेव्हा आपणही छोटीच म्हणू. आधी ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. माणसाला कळायच्या आत सुई आत, अशी तिची ख्याती होती. तीन वर्षांपूर्वी बाबा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि छोटीची नोकरी सुटली. दादा परदेशात. तो दर रविवारी फोन करून "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे" असं म्हणे, आणि ते ऐकलं की छोटीच्या मस्तकात तिडीक जाई. आता ती घरी बसून दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करायची. उरलेला वेळ बाबांच्या गोळ्या, बाबांचा व्यायाम आणि बाबांचं कानाचं मशीन शोधणं यात जायचा. ते मशीन शिट्टी मारतं म्हणून बाबा सारखे काढून कुठेतरी ठेवत. 'तातडीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यात तिने बाबांचाच नंबर लिहिला होता.

"दुसरं कोण आहे मॅडम?" ती म्हणाली होती. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या.

बाबा म्हणजे एकेकाळचे ड्राफ्ट्समन. चाळीस वर्षं इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. एकोणऐंशी वय झालं तरी टेबलावर चमचा तिरका पडलेला दिसला तर तो सरळ केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. स्वभावाने मात्र गरीब. मंगळवारी अकरा वाजायला आले की ते काठी घेऊन लिफ्टने खाली जात आणि इमारतीसमोरच्या बाकावर तासभर बसत. "तुझं चित्राचं काम आहे, मी कशाला मध्ये लुडबुड करू?" म्हणत.

पहिल्या तासाला बाईंनी छोटीला घर काढायला सांगितलं. छोटीने काढलं. गॅसचा ओटा, औषधांचा डबा, टाइपिंगचा कॉम्प्युटर, खिडकी, आणि खिडकीशी तपकिरी तेलखडूने रंगवलेली मोठी खुर्ची. खुर्चीत पाठमोरे बाबा, पेन्सिलने, करंगळीएवढे. दुसऱ्या तासालाही तेच, तिसऱ्यालाही तेच. कधी खिडकी मोठी, कधी ओटा मोठा. चौथ्या तासाला बाईंनी विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी? असेनच की कुठेतरी. ओट्यापाशी."

"मग काढा तिथे."

छोटीचा हात पेन्सिल घेऊन ओट्यापाशी गेला, घारीसारखा दोनदा फिरला आणि रिकामाच परत आला. "जागा नाहीये मॅडम. ओट्यानेच सगळी खाल्ली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आपल्याच घरात जिला स्वतःला काढता येत नाही अशा बाईचं काय होऊ शकतं हे त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं आणि ते त्यांना अजून झोपू देत नसे. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं का?"

"छे हो. मरायला वेळ कुठे आहे? दिवसाला त्यांच्या सात गोळ्या असतात."

दोघी हसल्या. पण त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. त्यांनी वहीत एकच ओळ लिहिली, 'छोटी एकदा तरी स्वतःच्या घरात दिसायला हवी.' त्यापुढे बाकीचं सगळं त्यांना गौण वाटू लागलं.

सहाव्या मंगळवारी छोटी आली तीच तणतणत. रविवारी दादा पुन्हा निर्धास्त झाला होता. तिने काही न विचारता तपकिरी खडू उचलला आणि नुसती खुर्ची काढली. घर नाही, खिडकी नाही. खुर्ची, आणि तीही रिकामी. काढून झाल्यावर हात कागदावरून असे मागे झाले की जणू चटका बसला.

"हे काय झालं माझ्याकडून?" ती म्हणाली. मग तिने खडू डब्यात ठेवला. "कधी कधी वाटतं मॅडम, ते नसते तर. म्हणजे मरावेत असं नाही. पण नसते तर. बघा, बोलले मी. काय मुलगी आहे मी?"

आणि तिने कागद दोन्ही हातांनी धरला, फाडायला.

"फाडू नका," बाई म्हणाल्या.

"बाबांनी पाहिलं तर?"

"ते तुमची फाइल उघडतात का?"

"नाही. माझ्या वस्तूंना हात लावत नाहीत ते."

"मग राहू द्या. तो राग आहे. कागदावर राहिला की घरात सांडत नाही."

हे वाक्य बाईंचं ठेवणीतलं होतं. सव्वीस वर्षांत त्यांनी ते शेकडो माणसांना ऐकवलं होतं आणि दर वेळी ते खरं ठरलं होतं. पण तेव्हा त्यांच्या मागे ते लोखंडी कपाट होतं. लोकांचे राग, लोकांचे वाईट विचार, मेलेल्या आयांना काढलेल्या शिव्या, सगळं त्यात कुलपाआड असे आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. आता त्या कपाटात यजमानांचे स्वेटर होते. नियम खोलीतून स्क्रीनवर आला, कपाट आलं नाही, आणि एवढ्या हुशार बाईंच्या हे ध्यानातही आलं नाही. छोटीने कागदावर तारीख घातली आणि तो फाइलीत ठेवला. फाइल टेबलाच्या कोपऱ्यात, उडू नये म्हणून वर बाबांची नकाशे आखायची तिकोनी पट्टी.

त्यानंतरचे तीन तास बरे गेले. छोटीला झोप येऊ लागली, एकदा ती जुन्या मैत्रिणीकडे जाऊन आली. चित्रांत मात्र पुन्हा तेच घर, तीच खुर्ची, तेच पाठमोरे बाबा, आणि तिचा पत्ता नाही.

दहावा मंगळवार उजाडला.

"आज कागद मांडायचे," बाई म्हणाल्या. "पहिल्यापासून नवव्यापर्यंत. घाई करू नका."

छोटीच्या हातांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली, फाइल उघडली, पहिला कागद टेबलावर ठेवला. आणि हात थांबले.

ओट्यापाशी एक बाई उभी होती.

कडक पेन्सिलने, केसाएवढ्या बारीक रेषेने काढलेली. केस मागे बांधलेले, बाह्या वर सारलेल्या. ओटा खोडून बोटभर मागे सरकवला होता, तिला उभं राहता यावं म्हणून. तिच्या शेजारी उभी रेघ, दोन्ही टोकांना बाण, आणि मध्ये सुवाच्य अक्षरात 'पाच फूट तीन इंच'.

"मॅडम!" छोटी ओरडली. "मॅडम, बाबा! हे बाबांचं अक्षर आहे!" ती भराभरा कागद काढू लागली. दुसऱ्यात ती खिडकीशी उभी होती. तिसऱ्यात पलंगावर पाय पसरून पुस्तक वाचत होती. चौथ्यात झोपली होती, अगदी पांघरुणाच्या घड्यांसकट. "मला काढलंय त्यांनी. सगळीकडे काढलंय! आणि उंची बघा, तंतोतंत बरोबर आहे, मी कधी सांगितलीही नव्हती!" कागदावर टपकन एक थेंब पडला आणि तिच्या अंगठ्याने तो पुसला. ती हसत होती की रडत होती हे बाईंना वरून दिसत नव्हतं.

बाईंना आधी हेवा वाटला, हे सांगायला हवं. नऊ आठवडे त्यांनी जे साधायचा आटापिटा केला, ते या म्हाताऱ्याने बहुधा एका दुपारात उरकलं होतं. मग त्यांनाही हसू आलं आणि डोळे भरून आले. मग छोटीने सहावा कागद ठेवला. त्या कागदावर तिला कोणी काढलं नव्हतं. रिकामी खुर्ची तशीच होती. फक्त उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पट्टीने आखलेली छोटी चौकट होती, आणि चौकटीत 'मंजूर' असं लिहून मागल्या बुधवारची तारीख.

छोटीचं बोट चौकटीवर टेकलं. "हे पण पाहिलं त्यांनी," ती हळूच म्हणाली. मग घाईघाईने, "पण रागावले नाहीत ना? रागावले असते तर मला काढलं असतं का?"

बाई उत्तर देणार होत्या. पण सातवा, आठवा, नववा कागद खाली आला, नऊच्या नऊ एका नजरेत दिसू लागले, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. प्रत्येक कागदावर तपकिरी खुर्ची होती, आणि प्रत्येक खुर्ची रिकामी होती. पेन्सिलीचे बाबा खोडरबराने पुसले होते. इतक्या निगुतीने, की राखाडी सावलीखेरीज काही उरलं नव्हतं.

"अहो," बाई म्हणाल्या, "बाबा कुठे आहेत?"

"खाली, बाकावर. आज जरा लवकरच गेले. वाचनालयाची पुस्तकं द्यायचीत म्हणाले, पिशवी होती हातात."

"पिशवी केवढी होती?"

छोटीचे हात कागदांवर होते तसेच राहिले. मग तिने एका खुर्चीवरची राखाडी सावली बोटाने चाचपली. दुसऱ्या कागदावरची चाचपली. पुढच्या क्षणी खुर्ची करकरली, इयरफोन ओढल्यासारखे येऊन पहिल्या कागदावर पडले, आणि दार उघडून तिच्या चपलांचा आवाज जिन्याने खाली खाली गेला. तिसरा मजला होता. लिफ्टची वाट बघण्याइतका तिला धीर नव्हता.

बाई बसून राहिल्या. दुसरं करणार काय? समोर नऊ कागद, त्यावर लोळणारे इयरफोन, आणि टेबलाच्या कडेला तिकोनी पट्टी. त्यांनी फॉर्म काढला, तातडीचा नंबर पाहिला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. रिंग वाजत राहिली. त्यांनी तो पुन्हा लावला.

तेवढ्यात लॅपटॉपमधून लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला. मग काठीचा. टक, थांबा, टक. छोटी जिन्याने गेली होती आणि तिचे बाबा लिफ्टने वर आले होते.

एक हात चौकटीत आला. फुगलेल्या शिरा, पिवळी नखं, मधल्या बोटावर पेन्सिलीने पडलेला कठीण घट्टा. बाईंनी हा हात आधी कधी पाहिला नव्हता, पण कोणाचा ते विचारायची गरज नव्हती. हात पट्टीकडे गेला.

"बाबा!" बाई ओरडल्या. "बाबा, थांबा! जाऊ नका!"

एवढ्या जोरात की बाहेरचा मिक्सर बंद झाला आणि यजमानांनी दार लोटून "काय झालं?" विचारलं. त्यांना ऐकू गेलं. पण त्या दुसऱ्या घरात बाईंचा आवाज इयरफोनच्या दोन बोंडांत शिरला आणि डासासारखा तिथेच गुणगुणत राहिला. नियम त्यांचाच होता.

हात थबकला. म्हाताऱ्याने बहुधा स्टँडवरच्या मोबाईलची उजळलेली बाजू वरून पाहिली, कारण आवाज अगदी जवळून आला. "अरेच्चा, चालू आहे वाटतं. नमस्कार, नमस्कार. तुम्ही चित्राच्या बाई. मला ऐकू येत नाही हं. मशीन पिशवीत आहे. फोन पिशवीत, चष्मा पिशवीत, आणि पिशवी खाली टॅक्सीत. ही पट्टी तेवढी राहिली होती."

बाईंनी हातवारे केले. मग सुचलं म्हणून लाल रंगाची बाटली उघडली, सगळ्यात जाड ब्रश बुडवला आणि कोऱ्या कागदावर भलंमोठं 'थांबा' लिहून तो कॅमेऱ्यापुढे धरला. लाल ओघळ त्यांच्या मनगटावरून खाली आले.

"वा," बाबा म्हणाले. "छान रंग आहे. मला काही नीट दिसत नाहीये, पण रेषा जाड ठेवलीत ते बरं केलंत." मग जरा थांबून, "छोटी आत असेल. असू दे. तोंडावर सांगायला मला जमलं नसतं. तुम्ही सांगा."

बाई मान हलवत होत्या. नाही, नाही, नाही. म्हातारा बोलत राहिला.

"फाइल मी मुद्दाम उघडली. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासले, खोड जात नाही. नऊ कागद. आठांत मी आहे आणि ती नाही. एकात कोणीच नाही. आता आमच्या कामात न जुळणारा संच हाती आला की एक कागद बरोबर धरायचा आणि बाकीचे त्याला जुळवून घ्यायचे. मी सहावा धरला. त्याची रेषा बघा तुम्ही. बाकीचे भीत भीत काढलेत तिने, खोडून खोडून. ही एका दमात मारलीय. हिला माहीत होतं काय काढायचं ते."

हाताने सहावा कागद टेबलाच्या कडेशी समांतर केला.

"वृद्धाश्रमाची जागा चांगली आहे. दहा बाय बारा, खिडकी पूर्वेला. परवा वाचनालयात जातो म्हणून निघालो, ते तिथे जाऊन बघून आलो. दादाने सगळं ठरवून दिलं. पत्ता त्याच्याकडे आहे, पण महिनाभर तो छोटीला द्यायचा नाही असं कबूल करून घेतलंय. नाहीतर संध्याकाळी येऊन उचलून आणेल मला. तशीच आहे ती. तिला म्हणावं, महिन्याने ये, पाहुणी म्हणून ये, आणि तोवर कोणाच्या गोळ्या मोजू नकोस."

हात खिशात गेला, बाहेर आला, आणि त्याने घराची किल्ली सहाव्या कागदावर ठेवली, रिकाम्या खुर्चीच्या बरोबर मधोमध. थोडी तिरकी पडली होती. ती त्याने सरळ केली.

"येतो," बाबा म्हणाले. हाताने पट्टी उचलली, काठी वाजली, दार अर्धवट लोटल्याचा आवाज झाला, लिफ्ट सरकली.

यजमान अजून दारात उभे होते. "अगं, पोलिसांना वगैरे कळवायचं का?" त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काय कळवणार? की एक म्हातारा शहाणपणाने, स्वतःच्या पायांनी, दहा बाय बाराच्या खोलीत राहायला गेला? त्यात कुणी काही चुकीचं केलं नव्हतं. करायचं ते बाईंनी चार आठवड्यांपूर्वीच करून ठेवलं होतं, फाडू नका म्हणून. यजमानांनी टेबलावरचा लाल रंग पुसला आणि दार ओढून घेतलं.

छोटी परत आली तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिचा श्वास आधी आला, मग हात. हातांनी इयरफोन चाचपले आणि चौकटीतून वर नेले.

"खाली नाहीत. बाकावर नाहीत. वाचनालयापर्यंत धावत गेले, ते आज बंद असतं मॅडम, माझ्या लक्षातच आलं नाही. वॉचमन म्हणतो टॅक्सीत..." मग तिला किल्ली दिसली.

बाईंनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, मऊही केलं नाही. गाळलं असतं तर तिने ते आवाजावरून ओळखलं असतं. पट्टी, सहावा कागद, खिडकी पूर्वेला, महिनाभर, पाहुणी म्हणून. सांगताना त्यांचा आवाज दोनदा फाटला. असं त्यांचं कामात कधी होत नसे.

"तुम्ही बघत होतात," छोटी म्हणाली.

"हो."

"मग थांबवलं का नाहीत?"

"मी ओरडले. आवाज तुमच्या इयरफोनमध्ये गेला."

छोटीचं एक बोट किल्लीवर होतं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तो कागद मी तुमच्या घरात ठेवू द्यायला नको होता. तुम्ही फाडत होतात. मी फाडू दिला नाही."

"फाडला असता तर काय, खोटा ठरला असता?" छोटी म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं.

"दादाला फोन करा," बाई म्हणाल्या. "परिस्थिती सांगा त्याला. देईल पत्ता."

"नाही देणार. बाबांचा शब्द आहे." हात किल्लीवरून निघून कागदांवर गेला, झोपलेल्या छोटीच्या पांघरुणावरून फिरला. "आणि दिला, समजा. तर मी लगेच जाईन का हो मॅडम? मी जिना चढत वर येत होते ना, तेव्हा धापा टाकता टाकता माझ्या डोक्यात आलं, की आज बारा वाजताची गोळी द्यायची नाहीये. आणि मला बरं वाटलं. एका जिन्यापुरतं. मग इतकी लाज वाटली की कठड्याला धरून उभी राहिले."

बाईंना तिचा हात हातात घ्यावासा वाटला. तो त्यांच्यासमोर होता, वीतभर अंतरावर, काचेच्या पलीकडे. नखाजवळची सुई टोचल्याची जुनी खूणसुद्धा दिसत होती. त्यांनी स्क्रीनला बोट लावलं. काच गार होती. छोटीला त्यातलं काही कळलं नाही.

मग छोटीने पेन्सिल उचलली. पहिला कागद जवळ ओढला आणि तपकिरी खुर्चीतल्या राखाडी सावलीवर रेघ काढायला सुरुवात केली. "त्यांना परत बसवते," ती म्हणाली. "पाठमोरे नको. समोरून काढते." खांदे आले. मान आली, थोडी डावीकडे कललेली. डोक्याचा गोल आला. पेन्सिल गोलाच्या आत शिरली, नाकाच्या जागी एक ठिपका दिला आणि तिथे थबकली.

बाई वाट बघत राहिल्या. पेन्सिल हलली नाही.

"मॅडम," छोटीने विचारलं, "त्यांच्या चष्म्याच्या काड्या काळ्या आहेत की तपकिरी?"

"मी नाही पाहिलं."

"आत्ता होते ना ते इथे? तुम्ही बोललात त्यांच्याशी. कसे दिसत होते?"

"मला फक्त त्यांचा हात दिसला," बाई म्हणाल्या.

छोटीने पेन्सिल कागदाच्या कडेला ठेवली.

"मलाही," ती म्हणाली. "तीन वर्षं गोळी ठेवायला पुढे केलेला हातच बघत आले मी."

बारा वाजायला सात मिनिटं कमी होती. तास संपला तरी दोघींपैकी कोणी फोन बंद केला नाही.